तारखेवरची खाडाखोड

शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारखेचा एक रकाना असतो. त्या रकान्यातली तारीख कोणी ब्लेडने खरवडून तिच्या जागी दुसरी लिहिली, तर मुख्याध्यापकांची झोप उडते. दुरुस्ती करायचीच असेल तर तिचा रस्ता ठरलेला आहे : जुनी नोंद वाचता येईल अशी राहू द्यायची, नवी नोंद वेगळी करायची, ती कोणाच्या आदेशाने केली हे लिहायचे आणि खाली सही करायची. असे का, हे शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या एका नोंदीच्या आधारावर शाळा सोडल्याचा दाखला, परीक्षेचा अर्ज आणि पुढे नोकरीतली निवृत्तीची तारीखसुद्धा उभी असते. मूळ नोंद गुपचूप बदलली, तर तिच्यावर विसंबलेले सगळेच कागद खोटे पडतात.

हा साधा नियम संगणकाच्या जगात मात्र बराच काळ पाळला गेला नाही. जगातील लक्षावधी प्रोग्रॅमरांच्या हाती १९९६ साली तारखेची अशी एक रचना आली, की तिच्यात खाडाखोड करणे हाच राजमार्ग होता. त्या रचनेची समीक्षा करावी, असे आम्ही या लेखात योजले आहे. समीक्षा काय ती पुस्तकाची किंवा नाटकाची करायची, असे आम्ही मानत नाही. प्रोग्रॅमिंगची भाषा हीसुद्धा माणसांनी विचारपूर्वक रचलेली कृती असते. तिच्यातही काही गोष्टी साधलेल्या असतात, काही फसलेल्या असतात, आणि त्या फसण्यातून शिकण्यासारखे बरेच असते.

वाचनालयाचे उदाहरण

नववीच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या वाचनालयासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आहे, असे समजू. भाषा आहे जावास्क्रिप्ट. ती निवडण्याचे कारण एवढेच, की ब्राउझर असलेल्या कोणत्याही संगणकावर ती चालते. पुस्तक सात दिवसांसाठी द्यायचे आहे. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आज्ञा आपल्या बोलीत मांडल्या तर अशा होतील :

१. 'नेल्याची तारीख' म्हणजे १० जून २०२५.
२. 'परतीची तारीख' म्हणजे 'नेल्याची तारीख'.
३. 'परतीच्या तारखे'त ७ दिवस वाढव.
४. दोन्ही तारखा छाप.

अपेक्षा अशी, की १० जून आणि १७ जून या तारखा उमटतील. प्रत्यक्षात दोन्हीकडे १७ जून उमटते. पुस्तक ज्या दिवशी नेले त्याच दिवशी परत करायचे, असा विचित्र हिशेब तयार होतो. विद्यार्थी आज्ञा पुन्हा पुन्हा तपासतात. त्यांना चूक सापडत नाही. याच चार ओळी तारखांऐवजी आकड्यांवर चालवल्या तर उत्तर बरोबर येते. 'अ म्हणजे ५, ब म्हणजे अ, ब मध्ये ७ मिळव' असे म्हटले, तर अ पाचच राहतो आणि ब बारा होतो. मग तारखेनेच काय घोडे मारले आहे?

याचे उत्तर स्मृतीच्या रचनेत आहे. संगणकाच्या स्मृतीत तारखेची वस्तू एकच तयार झाली होती. दुसऱ्या ओळीने नवी वस्तू झाली नाही. जुन्याच वस्तूला आणखी एक नाव मिळाले. घरचा बाळू आणि शाळेतला बाळकृष्ण हा एकच मुलगा असतो. बाळूचे केस कापले, तर शाळेत बाळकृष्णाचे केस लांब राहतील अशी अपेक्षा करता येत नाही. तिसऱ्या ओळीने बाळूचे केस कापले आणि चौथ्या ओळीत ते बाळकृष्णाच्या डोक्यावर दिसले, इतकेच.

म्हणजे संगणकाने नेमून दिलेले काम चोख केले. प्रश्न वेगळाच आहे. मुलाचे केस कापता येतात, हे खरे. पण तारखेचे कापता येतात का?

तारीख बदलते म्हणजे काय होते?

आपण सर्रास बोलतो, 'परीक्षेची तारीख बदलली', 'लग्नाची तारीख पुढे गेली'. या बोलण्याने आपली दिशाभूल होते. परीक्षा १० तारखेवरून १७ तारखेवर गेली, तेव्हा बदलली ती परीक्षा. १० तारीख आपल्या जागीच होती आणि त्या दिवशी कोणाचा तरी वाढदिवसही साजरा झाला. दिनदर्शिकेवरचा दिवस हलत नाही. त्याच्याशी बांधलेल्या गोष्टी सोडून दुसऱ्या दिवसाला बांधल्या जातात.

जगातल्या गोष्टींचे दोन प्रकार इथे वेगळे करावे लागतात. विद्यार्थी, झाड, बँकेतले खाते या गोष्टी बदलत जातात आणि तरी त्याच राहतात. पहिलीतला बाळू दहावीत जातो, उंच होतो, पण तो बाळूच. याउलट पाच हा आकडा वाढून बारा होत नाही. पाचात सात मिळवले की बारा हा दुसराच आकडा मिळतो. पाच पाचच राहतो. पहिल्या प्रकाराला ओळख असते, दुसऱ्या प्रकाराला फक्त मूल्य असते. तारीख, वेळ, लांबी, रक्कम ही सारी दुसऱ्या प्रकारातली. प्रोग्रॅमिंगच्या परिभाषेत ज्या वस्तूत एकदा घडवल्यावर बदल करता येत नाही, तिला अपरिवर्तनीय वस्तू म्हणतात. मूल्यांसाठी हीच रचना योग्य. सात दिवसांनंतरची तारीख हवी असेल तर जुनीला हात लावायचा नाही. नवी तारीख मागून घ्यायची.

आकड्यांच्या बाबतीतही हे भान संगणकांना पहिल्यापासून होते असे नाही. फोरट्रान या जुन्या भाषेच्या काही अनुवादकांत ५ हा आकडा एखाद्या उपप्रोग्रॅमकडे पाठवला आणि त्याने मिळालेल्या जागेत ६ लिहिले, तर पुढे त्या प्रोग्रॅममध्ये ५ लिहिलेल्या ठिकाणी ६ वापरला जाण्याची शक्यता असे. आज आपण यावर हसतो. तारखेच्या बाबतीत नेमके हेच पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

जावाची तारीख

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जाहीर केली आणि तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये बाहेर पडली. तिच्यातल्या 'डेट' या वस्तूच्या पोटात एकच संख्या होती : १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती मिलिसेकंद लोटले. इथवर सगळे ठीक. पण ही संख्या बदलण्यासाठी 'वर्ष ठेव', 'महिना ठेव', 'दिवस ठेव', 'तास ठेव' अशा क्रियांची मालिकाच तिला जोडलेली होती. शिवाय वर्ष १९०० पासून मोजायचे, महिना शून्यापासून आणि दिवस मात्र एकपासून! १० जून २०२५ ही तारीख घडवायची तर १२५, ५, १० असे आकडे द्यायचे. ही मोजणी सी या आधीच्या भाषेतून जशीच्या तशी आलेली होती.

मोजणीच्या या विक्षिप्तपणाची थट्टा पुष्कळ झाली आहे. आमच्या मते तो दोष वरवरचा होता. विक्षिप्त मोजणी एकदा पाठ केली की भागते. खरा दोष तारखेच्या बदलतेपणात होता, कारण तो पाठांतराने टळत नाही. प्रोग्रॅमच्या एका भागाने दुसऱ्या भागाकडे तारीख सोपवली, की तो दुसरा भाग तिच्याशी काय करील याची हमी उरत नाही. म्हणून जोशुआ ब्लॉक यांनी २००१ साली आलेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात सल्ला दिला, की अशी वस्तू आत घेताना तिची नक्कल करून घ्या आणि बाहेर देतानाही नक्कलच द्या. सल्ला अगदी रास्त आहे. पण याचा अर्थ असा, की रचनाकाराने एकदाच करायचे काम जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरने रोज करायचे. जो विसरला त्याच्या हिशेबात चूक.

दुसरा परिणाम आणखी फसवा. टपाल कचेरीत पत्त्यानुसार पत्रे वेगवेगळ्या खणांत टाकतात, त्याच पद्धतीने संगणक मूल्यावरून खण ठरवून माहिती ठेवतो. समजा, १० जूनच्या खणात त्या दिवसाची हजेरी ठेवली, आणि खणाला लावलेली तारखेची वस्तूच नंतर कोणी १७ जून करून टाकली. आता १७ जून म्हणून शोधले तर संगणक दुसऱ्याच खणात पाहतो. १० जून म्हणून शोधले तर खण बरोबर सापडतो, पण त्यावरचे लेबल जुळत नाही. हजेरी स्मृतीत असते आणि तरी सापडत नाही.

रचनाकारांची बाजूही मांडली पाहिजे. त्या काळी संगणकाची स्मृती महाग होती आणि दर वेळी नवी वस्तू घडवणे परवडणार नाही, अशी धास्ती होती. सी-भाषेच्या सवयीही हातात मुरलेल्या होत्या. पण हा बचाव पुरा पडत नाही. याच भाषेत, याच आवृत्तीत, अक्षरांची माळ म्हणजे 'स्ट्रिंग' अपरिवर्तनीय ठेवलेली होती. अक्षरमाळ तर प्रोग्रॅममध्ये तारखेहून कितीतरी अधिक वेळा लागते. म्हणजे तत्त्व माहीत होते, ते परवडतही होते. तारखेला ते लावले गेले नाही, एवढेच.

पाहिले की बदलते

चूक लवकरच ध्यानात आली. फेब्रुवारी १९९७ मधील १.१ या आवृत्तीत 'डेट'च्या बहुतेक क्रिया 'यापुढे वापरू नयेत' अशा यादीत गेल्या आणि 'कॅलेंडर' ही नवी वस्तू आली. दुर्दैवाने हे नवे कॅलेंडरही बदलतेच ठेवले गेले. परिणाम काय झाला, ते शिक्षकांना जवळच्या उदाहरणाने सांगतो.

कॅलेंडरात ३१ ऑगस्ट ही तारीख आहे. आपल्याला ती ५ सप्टेंबर, म्हणजे शिक्षक दिन करायची आहे. आधी महिना सप्टेंबर ठेवला. आत ३१ सप्टेंबर अशी, अस्तित्वातच नसलेली तारीख तात्पुरती तयार झाली. मग दिवस ५ ठेवला. झाली ५ सप्टेंबर. उत्तर बरोबर.

आता दोन पायऱ्यांच्या मध्ये, सगळे नीट चालले आहे ना हे पाहण्यासाठी, प्रोग्रॅमरने तारीख छापून पाहिली असे समजा. छापण्यासाठी कॅलेंडरला ३१ सप्टेंबरचा निकाल लावावा लागतो. तो १ ऑक्टोबर असा लागतो. त्यानंतर दिवस ५ ठेवला, की उत्तर येते ५ ऑक्टोबर. नुसते डोकावून पाहिल्याने शिक्षक दिन एक महिना पुढे गेला! हे वर्तन चुकून घडलेले नाही. कॅलेंडरच्या अधिकृत माहितीपत्रकातच त्याचा खुलासा आहे. पण चूक शोधणाऱ्याचे मुख्य साधन म्हणजे मध्येच डोकावून पाहणे. त्या साधनानेच निकाल बदलत असेल, तर शोधायचे तरी कसे?

जावाच्या तारखेचा वारसा आणखी एकीकडे गेला. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. नवी भाषा जावासारखी दिसावी असा आग्रह होता. तारखेची रचना जावाकडूनच उचलली गेली. जावाने ती नंतर बाजूला सारली. पण धाकट्या भावाने उचललेली थोरल्याची खोड धाकट्याकडेच राहिली. वाचनालयाच्या उदाहरणातला घोटाळा तिथूनच आलेला आहे.

दुरुस्तीची पद्धत

पायथन या भाषेने २००३ साली, २.३ या आवृत्तीत, तारखेच्या वस्तू आरंभापासूनच अपरिवर्तनीय ठेवल्या. जावाच्या जगात स्टीफन कोलबोर्न यांनी २००२ च्या सुमारास 'जोडा-टाइम' या नावाने नव्या रचनेचे काम सुरू केले. त्या अनुभवावर आधारलेली अधिकृत रचना करण्याचे काम २००७ साली हाती घेतले गेले आणि मार्च २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत ती दाखल झाली. १९९६ ते २०१४, म्हणजे अठरा वर्षे. पहिलीत प्रवेश घेतलेले मूल एवढ्या काळात पदवीधर होऊन नोकरीलाही लागते.

नव्या रचनेत 'ठेव' या अर्थाच्या क्रियाच नाहीत. त्यांच्या जागी 'इतके दिवस मिळवलेली तारीख दे', 'महिना सप्टेंबर असलेली तारीख दे' अशा क्रिया आहेत. ३१ ऑगस्टपासून निघून महिना सप्टेंबर असलेली तारीख मागितली, तर ३० सप्टेंबर मिळते. तिच्यापासून दिवस ५ असलेली मागितली, तर ५ सप्टेंबर. मध्ये शंभर वेळा डोकावा, उत्तर तेच. मूळची ३१ ऑगस्टही जागेवर शाबूत असते. अशक्य मागणी केली, उदाहरणार्थ फेब्रुवारीतल्या तारखेपासून दिवस ३१ असलेली तारीख मागितली, तर प्रोग्रॅम तिथेच थांबून चूक सांगतो. गुपचूप मार्चमध्ये जात नाही.

पीएचपी या भाषेने २०१३ साली बदलत्या तारखेच्या शेजारी न बदलणारी तारीख आणून बसवली. जावास्क्रिप्टमध्ये 'टेम्पोरल' या नावाची न बदलणारी रचना बऱ्याच वर्षांच्या चर्चेनंतर २०२५ साली फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आली. जुन्या वस्तू मात्र सगळीकडे शिल्लक आहेत, कारण त्यांच्यावर उभे असलेले असंख्य प्रोग्रॅम अजून चालू आहेत. रजिस्टर बदलता येते. त्यावरून दिलेले दाखले परत मागवता येत नाहीत.

उपायाची मर्यादा

नव्याचे गुणगान करून थांबणे समीक्षेला शोभणारे नाही. न बदलणाऱ्या तारखेलाही तिच्या अडचणी आहेत.

पहिली अडचण विसराळूपणाची. 'परतीच्या तारखेत ७ दिवस मिळव' एवढेच लिहिले आणि मिळालेली नवी तारीख कोठे ठेवायची ते सांगितले नाही, तर ती नवी तारीख हवेत विरते. परतीची तारीख १० जूनच राहते आणि संगणक चकार शब्द काढत नाही. जुन्या सवयीचे प्रोग्रॅमर या खड्ड्यात हमखास पडतात. तरीही या दोन चुकांत फरक आहे. इथे चूक त्याच ओळीत असते आणि त्याच ओळीत सापडते. बदलत्या तारखेची चूक एकीकडे होते आणि भलतीकडेच दिसते.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे. वस्तू न बदलणारी केल्याने ती सुटत नाही. ३१ जानेवारी २०२५ नंतर एक महिन्याने कोणती तारीख? जावाची नवी रचना २८ फेब्रुवारी म्हणते. पीएचपीची न बदलणारी तारीख ३ मार्च म्हणते. जावात आधी एक महिना आणि मग आणखी एक महिना मिळवला, तर २८ मार्च येते. एकदम दोन महिने मिळवले, तर ३१ मार्च. बेरजेचा जो नियम आपण पाचवीत शिकवतो, तो महिन्यांना लागू पडत नाही. यात संगणकाचा दोष नाही. महिने असमान आहेत आणि 'महिन्याने' या शब्दाचा अर्थ माणसांनीच ठरवायचा आहे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. क्षण आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या 'डेट'चे नाव तारीख होते, पोटात मात्र क्षण होता. एखाद्या मुलीची जन्मतारीख '१० जून, भारतातली मध्यरात्र' अशा क्षणाच्या रूपात साठवली, तर जागतिक प्रमाणवेळेत तो क्षण ९ जूनच्या सायंकाळी साडेसहाचा असतो, कारण भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे आहे. जागतिक वेळेवर लावलेल्या संगणकाने तीच नोंद छापली, की मुलीचा जन्म एक दिवस आधी झालेला दिसतो. तो क्षण न बदलणारा असला, तरी ही चूक होईलच. जावाच्या नव्या रचनेचे खरे श्रेय आम्ही यासाठी देतो, की तिने निव्वळ दिनदर्शिकेची तारीख, निव्वळ क्षण आणि ठिकाणाच्या वेळेसह तारीख यांसाठी तीन वेगळ्या वस्तू केल्या. त्यामुळे नेमके काय हवे आहे, हे प्रोग्रॅमरला आधीच ठरवावे लागते. जन्मतारखेला पहिलीच वस्तू हवी.

वर्गात काय करता येईल?

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. 'चल म्हणजे डबा, त्यात आकडा ठेवायचा' हे रूपक वर्गात सोयीचे असते आणि आम्हीही ते वापरत आलो आहोत. आकड्यांपुरते ते चालते. पण वस्तूंपाशी आल्यावर ते मोडते, कारण तिथे चल म्हणजे डबा नसतो, डब्याला लावलेली चिठ्ठी असते. आणि एका डब्याला दोन चिठ्ठ्या लागू शकतात. हे न सांगता आपण पुढे गेलो, तर वाचनालयाच्या प्रोग्रॅमपाशी अडलेल्या विद्यार्थ्याची चूक त्याच्या एकट्याची राहत नाही.

म्हणून एक तासिका एवढ्यासाठी द्यावी. सुरुवातीला वरच्या चार ओळी तारखेने आणि मग आकड्यांनी चालवून दाखवाव्यात आणि फरक का पडला, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर डबे आणि चिठ्ठ्या काढून शोधू द्यावे. त्यानंतर त्याच चार ओळी पायथनमध्ये चालवून पाहाव्यात. शेवटी एक यादी द्यावी : विद्यार्थी, जन्मतारीख, बँकेतले खाते, खात्यातली रक्कम, सायकल, सायकलचा वेग. यातले काय बदलूनही तेच राहते आणि काय बदलले की दुसरेच होते, यावर वाद घालू द्यावा. या वादासाठी संगणकाची गरज नाही, आणि तासिकेचा खरा गाभा तोच आहे.

आज विद्यार्थ्यांची हजेरी, निकाल आणि प्रवेशाचे वय हे सारे प्रोग्रॅममधूनच मोजले जाते. ते प्रोग्रॅम उद्या याच वर्गांतली मुले लिहिणार आहेत. जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या लिपिकाकडून आपण जी शिस्त मागतो, तीच त्यांच्याकडून मागायला हवी : लिहिलेली तारीख खोडायची नाही, नवी हवी असेल तर नवी लिहायची.